निम्मी मंडळी फडावर असताना: मराठवाड्यातल्या पाळकांना आणि पंचांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील ख्रिस्ती मंडळ्यांचे आदरणीय पाळक, पंच कमिट्यांचे सभासद, महिला मंडळे आणि तरुण संघ यांस,

सप्रेम जय ख्रिस्त.

विषय आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचायचे की नाही ते तुमचे तुम्ही ठरवाल. जुनी परंपरा सांभाळायची की नवी धाडसी सेवा सुरू करायची, यावर आपल्या मंडळ्यांत सध्या जो वाद चालला आहे, तो भलत्याच जागी चालला आहे. वाद घालणारे सगळे नाताळाला चर्चमध्ये हजर असणारे लोक आहेत. परंपरेची आणि धाडसाची ज्यांना खरी गरज आहे, ती माणसे त्या दिवशी उसाच्या फडावर कोयता चालवत असतात.

आता तो वादही सांगते, कारण बाहेरगावच्या वाचकांना तो ओळखीचा वाटेल. पंच कमिटी म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारी, सभासदांनी निवडलेली समिती. तिची दिवाळीनंतरची सभा ही नाताळाच्या तयारीची सभा. रंगरंगोटी, मांडव, संडेस्कूलच्या मुलांची बक्षिसे, आणि हल्ली कायमचा मुद्दा म्हणजे वाद्ये. तरुण संघाला ड्रमसेट पाहिजे, भिंतीवर प्रोजेक्टर पाहिजे, हिंदी गाणी पाहिजेत. जुन्याजाणत्यांना पेटी, तबला आणि झांज पाहिजे, गीते ‘उपासना संगीत’ या आपल्या जुन्या गीतपुस्तकातलीच पाहिजेत. एक जण म्हणतो, असेच चालले तर पोरे नव्या स्वतंत्र मंडळ्यांच्या प्रार्थना हॉलमध्ये जातील. दुसरा म्हणतो, जाऊ द्या, कुठे जातात ते बघू. कुणीतरी तावातावाने उठून जातो, त्याला समजावून परत आणावे लागते, चहा पुन्हा गरम करावा लागतो. शेवटी तोडगा निघतो: तीन गीते आमची, दोन गाणी तुमची. मिनिट्समध्ये लिहिले जाते की ‘सविस्तर चर्चा झाली’.

माझे मत विचाराल तर गिटार येऊ द्या. ड्रम जरा हळू वाजवा, पुढच्या बाकांवर म्हातारी माणसे बसतात. पण हिंदी गाण्यांच्या नादात आपली भजने बाजूला पडणार असतील तर मात्र मी आडवी येईन. कारण ती भजने आपल्याकडे सहजासहजी आलेली नाहीत. मिशनरींच्या काळात इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेली गीते म्हणणे हीच परंपरा होती. नारायण वामन टिळक आणि कृष्णराव सांगळे यांनी ओव्या, अभंग, भजन, कीर्तन चर्चच्या दारातून आत आणले, तेव्हा ते नवे होते, आणि काहींच्या कानाला नक्कीच खटकले असेल. टिळकांनी तर 1917 साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. आज ज्यांच्या नावाने आपण जुने सांभाळा म्हणतो, ती माणसे त्यांच्या काळी कमिट्यांना झेपत नव्हती.

आपल्या मराठवाड्यात तर याहून जवळचा दाखला आहे. जालन्याचे रेव्हरंड नारायण शेषाद्री. ब्राह्मण घरातला मुलगा, 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, धाकट्या भावावरून प्रकरण कोर्टापर्यंत गेले, सबंध मुंबई ढवळून निघाली. पुढे हा माणूस निजामाच्या मुलखात, जालन्याला आला आणि मांग-महारांच्या वस्त्यांत काम करू लागला. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या सरकारकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल वसवले. नुसते चर्च बांधून ते थांबले नाहीत. विहीर, शेती, शाळा, हाताला काम, असे सबंध गाव उभे केले. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते त्यांना स्वतःचे गाव मिळाले. आणि हेच शेषाद्री 1873 साली न्यू यॉर्कच्या परिषदेत डोक्याला पागोटे बांधून उभे राहिले. धर्म बदलला म्हणून पागोटे उतरवावेसे त्यांना वाटले नाही. परंपरा आणि धाडस एका माणसात कसे नांदते, याचे उदाहरण शोधायला आपल्याला कुठल्या परदेशी सेमिनारला जायला नको, जालन्याच्या एसटीत बसले की पुरे.

शेषाद्रींचे नाव आपण शताब्दीच्या स्मरणिकांत छापतो, त्यांचा फोटो लावतो. त्यांची कामाची पद्धत मात्र आपण उचलली नाही.

त्या काळच्या पद्धतीतली एक गोष्ट मला सारखी आठवते. पूर्वीचे मिशनरी, सुवार्तिक आणि बायबल बाया (बायकांत जाऊन बायबल शिकवणाऱ्या) हिवाळा लागला की मुक्कामाचे ठिकाण सोडायच्या. पाऊस संपला, रस्ते वाळले, की बैलगाडीत तंबू घालून गावोगाव फिरती सुरू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे फिरतीचे दिवस. कुठे आमराईत तंबू लागायचा, सकाळी आजाऱ्यांना औषध, दुपारी बायकांत बसणे, रात्री कंदिलाच्या उजेडात भजन. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मुख्य ठिकाणी शाळा, दवाखाना, हिशेब. म्हणजे हिवाळ्यात मंडळी बाहेर असते, ही आपली परंपराच आहे. आपण ती मोडली आणि हिवाळ्याचे सगळे चार महिने मांडव, स्टेज आणि बक्षीस समारंभात घालवायला लागलो. आणि नेमक्या त्याच चार महिन्यांत आपली माणसे गावात नसतात.

ऊसतोडीचे गणित तुमच्यापैकी अनेकांना घरचेच आहे, तरी थोडक्यात लिहिते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, उचल (आगाऊ मजुरी) वाटतो. जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात आणि उचल कोयत्यामागे मिळते, हल्ली लाखाच्या घरात. त्या पैशांत आधीचे देणे फिटते, एखादे लग्न उरकते, आणि मग ती उचल फेडायला बीड, जालना, परभणी, लातूर, धाराशिव, नांदेडकडची माणसे सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर आणि पार कर्नाटकापर्यंत जातात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परत येणे नाही. एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा धरतात आणि तो पैशांत कापून घेतात. वडवणी, धारूर, माजलगाव, गेवराई, घनसावंगी, अंबड, कुठल्याही तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांवर नोव्हेंबरात जाऊन बघा. दाराला कुलूप, अंगणात म्हातारी आणि तिच्याजवळ ठेवलेली दोन नातवंडे.

आता आपले कॅलेंडर या गणितावर ठेवून बघा. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, ते गावाबाहेर. नाताळ गावाबाहेर. राखेचा बुधवार आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ गावाबाहेर. ईस्टर लवकर पडला तर तोही फडावर. म्हणजे ज्यांच्या आजोबा-पणजोबांमुळे या वस्त्यांत मंडळी उभी राहिली, त्यांच्या वाट्याला ख्रिस्ती वर्षातला एकही मोठा सण येत नाही. येतो तो मे महिना, लग्नांचा आणि बाप्तिस्म्यांचा. आपण म्हणतो, हे लोक फक्त लग्नाला चर्चमध्ये येतात.

मी निवृत्त सिस्टर, म्हणजे दवाखान्यातली नर्स, आहे. नोकरीत होते तोवर नाताळाला ड्यूटी असायची, त्यामुळे सणाच्या दिवशी कामावर असणे म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. निवृत्तीनंतर एका नाताळाला तरुण संघातल्या दोन पोरांना बरोबर घेऊन सांगलीकडच्या एका फडावर गेले. दिवस मावळताना पोचलो. उसाचे रान तोडून मोकळ्या केलेल्या पट्टीत पाचटाच्या कोप्या (झोपड्या), प्रत्येकीपुढे तीन दगडांची चूल, वाढ्यांचे भारे, बैलांच्या गळ्यातले घुंगरू. एका कोपीच्या आढ्याला पोरांनी खताच्या रिकाम्या पोत्याची चांदणी करून लावली होती, आत मोबाईलची बॅटरी. आम्ही करंज्या आणि शंकरपाळ्यांचा डबा नेला होता. टोळीत आपली घरे थोडी, बाकी वंजारी, मराठा, बंजारा, पण सगळेच येऊन बसले. झांज नव्हती, ताटावर चमचा वाजवला. वाचन करायला पुस्तक उघडले तर उजेड पुरेना. तेव्हा एक मावशी, जिला सहीसुद्धा येत नाही, तिने तेविसावे स्तोत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटले. मग प्रभूची प्रार्थना. मग विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेची कबुली, एक शब्द न चुकता. लहानपणी बायबल बाईने पाठ करून घेतले होते म्हणाली. तिच्यामागे बाकीचे म्हणत गेले, ज्यांना येत नव्हते ते गुणगुणत राहिले. आशीर्वादाच्या प्रार्थनेपर्यंत आलो आणि बांधावर ट्रॅक्टर येऊन उभा राहिला, भरणीला. प्रार्थना चालू असतानाच गडी उठले, बायकांनी चुंबळी डोक्यावर ठेवल्या, मोळ्या वाहायला गेल्या. ती मावशी तेवढी मागे राहिली, गुडघे दुखतात म्हणून. तिने मला विचारले, “सिस्टर, मव्हं नाव हाय का अजून चर्चच्या वहीत? का खोडलं?”

गावी आल्यावर वही बघितली. वर्गणी थकल्याने आणि वर्षभरात प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीला) हजर नसल्याने तिचे नाव मतदारयादीतून गेले होते. नियमाप्रमाणे. आणि पंचांची निवडणूक आमच्याकडे जानेवारीत असते. तेही नियमाप्रमाणे. म्हणजे ज्या माणसांना निवडणुकीच्या दिवशी चारशे किलोमीटर दूर असावेच लागते, त्यांच्या वतीने पंच निवडणार कोण, तर पगारदार आणि पेन्शनर. मीही त्यातलीच एक. कापणीच्या सणाचेही तसेच. फेब्रुवारीत शाळू हाताशी येतो तेव्हा आपण तो करतो, उपासनेनंतर भोपळे, अंडी, कोंबड्या, कणसे यांचा लिलाव होतो, एकेका कोंबडीला बाजाराच्या तिप्पट बोली लागते, हशा होतो. कापणीचा सण, आणि कापणी करणारे सबंध महाराष्ट्राची कापणी करायला गेलेले. कुणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. ज्या काळी हे दिवस ठरले तेव्हा आपली माणसे गावातच होती, एवढेच.

या लोकांचे कागद आधीच दोन ठिकाणी विभागलेले आहेत, हे पंचांना वेगळे सांगायला नको. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीची सवलत हिंदूंपुरती ठेवली, 1956 मध्ये शिखांना दिली, 1990 मध्ये बौद्धांना दिली, ख्रिस्ती राहिले ते राहिलेच. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक आणि चर्चच्या वहीत दुसरे, असे किती घरांत आहे ते तुम्ही जाणता. सरकारच्या कागदाने बाजूला काढलेल्या माणसाला निदान आपल्या वहीने तरी बाजूला काढू नये.

म्हणून माझे पहिले मागणे अगदी किरकोळ आहे, त्याला पैसा लागत नाही. पंचांची निवडणूक आणि वार्षिक सभा मे महिन्यात घ्या. कापणीचा सण मोळी पडायच्या, म्हणजे कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या, आधी, दसऱ्याच्या सुमारास, खरिपाच्या मालावर करा: सोयाबीन, उडीद, बाजरी, काय असेल ते. त्याच दिवशी टोळ्यांची नावे घेऊन, हात ठेवून, प्रभुभोजन देऊन त्यांना निरोप द्या. परदेशी जाणाऱ्या मुलासाठी आपण खास प्रार्थना ठेवतो, फोटो काढतो. कर्नाटकात ऊस तोडायला जाणाऱ्या जोडप्यासाठी का ठेवत नाही?

दुसरे मागणे पाळकांना. निरोप देताना प्रत्येक कुटुंबाला एक पत्र द्या. ही तर आपली फार जुनी रीत. सभासद गाव सोडून निघाला की पाळक त्याच्या हाती दुसऱ्या मंडळीच्या पाळकांच्या नावे शिफारसपत्र देत, अजूनही नोकरदारांना देतात. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायाची सुरुवातच पौलाने फीबीची शिफारस करून केली आहे: आमची बहीण तिकडे येते आहे, तिला लागेल ती मदत करा. फीबीला जे मिळाले ते वडवणीच्या कोयत्याला मिळायला काय अडचण आहे? आणि हे पत्र घेणारे तिकडे आहेत. आपल्याकडे एक काळ असा होता की मिशनांनी मुलूख वाटून घेतले होते. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन, जालन्याला स्कॉटिश, औरंगाबादला सीएमएस (चर्च मिशनरी सोसायटी), कोल्हापूर-सांगलीकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन. त्या भिंती पाडून 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला वेगवेगळ्या मंडळ्यांची मिळून उत्तर भारतीय मंडळी (सीएनआय) झाली. पन्नास वर्षे उलटून गेली, आपण दरवर्षी ऐक्याचा रविवार पाळतो, पण माजलगावच्या सभासदाला सांगलीत आपले कुणी आहे हे अजून ठाऊक नाही. पलीकडच्या धर्मप्रांतातल्या पाळकांना टोळ्यांची यादी आणि फडांचे ठिकाण कळवणे हे एका मोबाईलचे काम आहे. ज्या मंडळ्या उत्तर भारतीय मंडळीत नाहीत, म्हणजे कॅथलिक, मेथडिस्ट, स्वतंत्र, त्यांच्याही माणसांच्या कोप्या शेजारीशेजारीच असतात. फडावर कुणी कुणाला तुझा चर्च कुठला असे विचारत नाही.

तिसरे मागणे नाताळाचे. प्रत्येक पास्टोरेटमधून, म्हणजे एका पाळकाच्या कार्यक्षेत्रातून, निदान एक गट नाताळाच्या आठवड्यात फडावर जावा, पाळकांसह. प्रभुभोजन तिथे व्हावे. ‘पाचटात प्रभुभोजन? टेबल कुठे, पांढरे वस्त्र कुठे?’ असे मला एकाने विचारलेच आहे. वस्त्र सोबत न्या. झगाही न्या. उपासनेचा क्रम जसाच्या तसा ठेवा, त्यातले एक वाक्य गाळू नका. हे मी तरुण संघासाठी मुद्दाम लिहिते, कारण नवे काही करायचे म्हणजे आधी जुने टाकून द्यायचे, असा त्यांचा समज होत चालला आहे. पडद्यावरच्या गाण्याला वीज लागते. ज्याला वाचता येत नाही, ज्याच्या कोपीत दिवा नाही, त्याच्याजवळ उरते ते पाठ असलेले. पापांगीकार, विश्वासांगीकार, स्तोत्र, ही सगळी माणसाला फाटक्या पिशवीतही न सांडता नेता येणारी शिदोरी आहे. त्या मावशीला बायबल बाईने ती दिली होती. आपण आपल्या संडेस्कूलच्या मुलांना आज काय पाठ करून देतो? ॲक्शन साँग. चांगले आहे, पण तीस वर्षांनी अंधारात ते म्हणून बघा.

प्रार्थना हॉलविषयीही दोन शब्द लिहायला हवेत, नाहीतर हे पत्र अर्धवट राहील. तिथल्या शिकवणीतल्या काही गोष्टी मला पटत नाहीत. औषध सोडून द्या म्हणणाऱ्यांशी तर मी सिस्टर म्हणून भांडलेही आहे. पण आपली पोरे तिथे ड्रमसाठी जातात, हे काही खरे नाही. परळीच्या एका मुलीला मी सरळ विचारले, कामून जातेस? ती म्हणाली, “तिथं पास्टर फोन करून इचारतात, बाळाचा ताप उतरला का.” त्यांना एवढेच पुरते, आणि आपल्याला एवढे जमत नाही. आपल्याकडे एकेका पाळकाकडे चार-पाच ठिकाणे असतात, मान्य आहे. मग पाळकांशिवाय जे करता येते ते बायकांना आणि तरुणांना करू द्या. उत्तर भारतीय मंडळीने 1980 च्या दशकातच स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा द्यायला सुरुवात केली. दक्षिण भारतीय मंडळीत 2013 साली नंद्यालला एक बाई बिशपही झाल्या. आपल्याकडे मात्र बाईने वेदीजवळ जायचे ते फुले ठेवायला. फडावर रात्री बायकांच्या कोपीत जाऊन बसायला पाळकसाहेबांना अवघड जाते. तिथे बाईच लागते. पूर्वी हे ओळखूनच बायबल बाया नेमल्या होत्या, पगार देऊन.

आणि फडावरच्या बायकांचे दुखणे तुम्ही ऐकले आहे का? पहाटे तीनला उठून भाकरी, मग दिवसभर तोड, मोळ्या बांधणे, डोक्यावर वाहणे, आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत सुटी म्हणजे खाडा. अंगावर जाते, दुखते, म्हणून दवाखान्यात जाते, आणि गर्भपिशवी काढून परत येते. पंचवीस-तिशीतल्या बाया. बीड जिल्ह्यातला हा विषय 2019 साली विधिमंडळात गाजला, सरकारने समिती नेमली, अहवाल आला. आमच्या वॉर्डात त्या आधीही येत होत्या, आम्ही त्यांच्या कपाळावर हात ठेवण्यापलीकडे फार काही केले नाही, कारण तोवर ऑपरेशन झालेले असायचे. मराठवाड्यातल्या प्रत्येक मंडळीत मिशनच्या दवाखान्यांत शिकलेल्या, आता घरी बसलेल्या सिस्टर आहेत. टोळ्या निघायच्या आधी प्रत्येक वस्तीवर एक दिवस बसायचे, बायकांचे हिमोग्लोबिन तपासायचे, साध्या संसर्गावर वेळेत औषध मिळवून द्यायचे, पिशवी काढा म्हणणाऱ्या डॉक्टरला कुठले प्रश्न विचारायचे ते समजावायचे, आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय सही करू नको एवढे ठासून सांगायचे. नवीन दवाखाना बांधायला नको. चर्चचा हॉल आणि आम्ही म्हाताऱ्या सिस्टर पुरेशा आहोत. कोल्हापूरकडे जाणाऱ्यांना मिरजेचे वॉनलेस हॉस्पिटल माहीत असले तरी खूप झाले. 1894 पासूनचे ते मिशनचेच काम आहे.

मुलांचे काय, हा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि खर्चाचाही. मिशनची बोर्डिंगे एकामागून एक बंद पडली. परदेशातून येणारा पैसा आटला, काही इमारती भाड्याने गेल्या, काहींवर कोर्टकज्जे चालू आहेत, त्यांत कुणाचा किती दोष ते इथे उकरत नाही. माझ्या पिढीतले जे कुणी शिकले-सवरले, ते बहुतेक त्याच बोर्डिंगच्या वरणावर वाढले. त्यांतल्या दोन-चार खोल्या जरी ऑक्टोबर ते एप्रिल उघडल्या, तरी मागे ठेवलेली पोरे शाळेत राहतील. सरकारची हंगामी वसतिगृहांची योजना आहे, 2021 साली मंजूर झालेली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. त्यांत आपल्या मुलांना जागा मिळवून देणे, अर्ज भरणे, ग्रामसेवकाचा ऊसतोड कामगार असल्याचा दाखला काढणे, ही कामे तरुण संघाने अंगावर घ्यावीत. ज्यांना ‘काहीतरी मोठे’ करायचे आहे त्यांना हे काम फार छोटे वाटेल. तहसीलच्या रांगेत दोन दिवस उभे राहिले की वाटणार नाही.

एक इशारा मात्र देऊन ठेवते. फडावर जायचे ते आपल्या माणसांसाठी, आणि शेजारी बसेल त्याला सोबत घेऊन. उचलीत अडकलेल्या माणसाच्या हातात पत्रके कोंबायला जायचे नाही. आजचे वातावरण तुम्हाला माहीत आहे, पण वातावरण वेगळे असते तरी मी हेच म्हटले असते. अडलेल्या माणसाला अडवून सांगितलेली सुवार्ता ही सुवार्ता राहत नाही. त्या रात्री आमच्याबरोबर बसलेल्या वंजारी आजोबांनी प्रार्थनेनंतर भगवानबाबांचा एक अभंग म्हटला. आम्ही तोही ऐकला. कुणाचे काही बिघडले नाही.

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवा, पुण्याला कंपनीत लागलेली आपली मुले, दारू, हे विषयही या पत्रात यायला हवे होते. ते दुसऱ्या कुणीतरी लिहावेत. मला ज्याचे जवळून माहीत आहे ते मी लिहिले.

पुढची पंच कमिटीची सभा भरेल तेव्हा ड्रमसेटच्या आधी हा विषय अजेंड्यावर घ्यावा. निवडणुकीची तारीख बदलायला घटनेत दुरुस्ती लागत असेल तर तसा ठराव आत्ताच वर पाठवा, मे महिना हुकला तर आणखी एक वर्ष जाईल. कापणीच्या सणाची तारीख मात्र पंच कमिटी स्वतः बदलू शकते, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आमच्या भागातल्या टोळ्यांची यादी मी तयार केली आहे: कुटुंबप्रमुखाचे नाव, वस्ती, मुकादमाचा नंबर, कारखाना, आणि मागे राहिलेली मुले किती व कुणाजवळ. इतर पास्टोरेटनी आपापली यादी दसऱ्यापर्यंत करावी. नमुना हवा असेल त्यांनी महिला मंडळाकडे निरोप ठेवावा, फोटो काढून पाठवते. त्या मावशीचे नाव मतदारयादीत परत घेण्याचा अर्ज आणि तिची थकलेली वर्गणी मी आमच्या सेक्रेटरींकडे दिली आहे, पावती अजून मिळालेली नाही. ती द्यावी.

आपली नम्र,
एक निवृत्त सिस्टर, महिला मंडळ सभासद
बीड जिल्हा